पूर्वीही वितळला होता, म्हणूनच

दर सप्टेंबरमध्ये उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्री बर्फाचा वर्षातला नीचांक जाहीर होतो आणि ठरल्यासारख्या दोन प्रतिक्रिया उमटतात. आकडा लहान असला तर ‘ध्रुव संपला’ अशी हाकाटी होते. मागच्या वर्षीपेक्षा थोडा मोठा असला तर ‘बघा, बर्फ परत आला’ असा टोमणा ऐकू येतो. टोमणे मारणाऱ्यांचे एक आवडते वाक्य आहे : बर्फ पूर्वीही कमीजास्त होतच होता. वाक्य खरे आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र उथळ आहे. आणि त्याला उत्तर द्यायला पुढे येणारे पुष्कळ जण पूर्वीचे चढउतार झाकून ठेवण्याचा प्रयत्न करतात, तेही तितकेच उथळ आहे.

माझे म्हणणे असे : समुद्री बर्फाच्या दीर्घकालीन चढउतारांचा इतिहास तापमानवाढीच्या सिद्धांताला अडचणीत आणत नाही, उलट त्याला सर्वांत भक्कम आधार देतो. जो बर्फ पूर्वी मोजक्या जास्तीच्या उन्हाने शेकडो किलोमीटर मागे हटला, तो आजच्या उष्णतेपुढे तग धरेल असे मानायला काही कारण नाही. मात्र याच चंचलपणामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून निकाल देणे किंवा ‘अमुक साली बर्फ संपणार’ अशी तारीख सांगणे हाही उतावळेपणाच ठरतो. दोन्ही बाजू चढउताराला नुसता गोंगाट समजतात. एक बाजू त्यात लपते, दुसरी तो ऐकायलाच तयार नसते.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर केलेला बरा. आपल्याकडच्या बातम्यांत ध्रुवावरचा बर्फ वितळल्याचे सांगितले, की पुढच्याच ओळीत मुंबई बुडते. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचे पाणीच गोठून झालेला, पाण्यावर तरंगणारा, बहुधा एक ते तीन मीटर जाडीचा थर. तो वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पातळी वाढवतो तो ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा, किलोमीटरभर आणि त्याहून जाड असलेला बर्फ. हा लेख तरंगत्या बर्फाबद्दल आहे. त्याचे महत्त्व वेगळे : तो अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी निम्म्याहून अधिक परत फेकतो, तर उघडा समुद्र फक्त सहा टक्के.

१. आकडा नेमका कशाचा?

ज्या आकड्यावर एवढे रण माजते तो कसा ठरतो हे क्वचितच सांगितले जाते. उपग्रहावरचे उपकरण बर्फ आणि पाणी यांतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपते. ढग असो वा ध्रुवीय रात्र, या लहरींना फरक पडत नाही. समुद्राचे चौकोन पाडायचे, ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ असेल तो पूर्ण ‘बर्फाचा’ धरायचा आणि सगळ्या चौकोनांची बेरीज करायची. हा झाला ‘विस्तार’. जाडी त्यात येत नाही. चार वर्षे टिकलेला निबर बर्फ आणि गेल्या महिन्यात धरलेली पापडी यांना या हिशेबात सारखीच किंमत असते.

सलग नोंद सुरू झाली ती १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सोडलेल्या निम्बस-७ उपग्रहापासून. १९८७ नंतर अमेरिकी लष्करी हवामान उपग्रहांनी ते काम पुढे नेले. या नोंदीत सप्टेंबर २०१२ चा नीचांक सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळापेक्षा किंचित जास्त. १९८१ ते २०१० या काळातली नीचांकाची सरासरी सुमारे ६२ लाख होती. २०२५ पर्यंत २०१२ चा विक्रम मोडलेला नाही. पण २००७ ते २०२५ ही एकोणीस वर्षे घ्या : उपग्रहांच्या संपूर्ण नोंदीतले सर्वांत कमी एकोणीस नीचांक नेमके याच एकोणीस वर्षांतले आहेत. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली की टोमणा आणि हाकाटी दोन्ही अपुरी का आहेत ते दिसते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. नोंद १९७८-७९ पासूनच का धरायची? ती वर्षे मुळातच जास्त बर्फाची असली तर? महाराष्ट्राच्या पावसाचा हिशेब कोणी १९७२ च्या दुष्काळापासून सुरू केला, तर त्याला पुढची बहुतेक वर्षे सुकाळाचीच दिसतील. आरंभबिंदू सोयीने निवडला की कल हवा तसा निघतो. या आक्षेपाचे उत्तर उपग्रहांजवळ नाही. त्यासाठी मागे जावे लागते.

२. उपग्रहांच्या आधीचे साक्षीदार

मागे जायची साधने थक्क करणारी आहेत. सर्वांत जवळची म्हणजे माणसांनी लिहिलेली : देवमासे मारायला निघालेल्या जहाजांच्या रोजनिशा, आइसलंडच्या किनाऱ्यावर आलेल्या तरंगत्या बर्फाच्या शतकानुशतकांच्या नोंदी, डेन्मार्कच्या हवामान खात्याचे वार्षिक नकाशे, १९३० च्या दशकापासून सोव्हिएत विमाने आणि जहाजे करत आलेली पाहणी. जॉन वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक स्रोतांतून १८५० पासूनचे महिनावार नकाशे जुळवले. त्यांत खाचा आहेत, अंदाज आहेत, काही वर्षे तर जवळजवळ कोरी आहेत. तरीही उन्हाळ्याअखेरीस आजच्याइतका कमी बर्फ असलेला काळ त्या दीडशेहून अधिक वर्षांत सापडत नाही. १९७९ हे आरंभवर्ष कोणी धूर्तपणे निवडलेले नाही. त्या सुमारास उपकरण आकाशात गेले, एवढेच त्यामागचे कारण.

त्याही मागे जायचे तर चिखल वाचावा लागतो. समुद्री बर्फाच्या तळाशी, बर्फातल्या खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्यांत, डायटम नावाची सूक्ष्म शैवाले वाढतात. त्यांतल्या काही जाती एक विशिष्ट मेदद्रव्य तयार करतात. वसंतात बर्फ फुटला की शैवाले तळाशी जातात आणि हे द्रव्य गाळात हजारो वर्षे टिकते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले सायमन बेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते ओळखले आणि त्याला आयपी-२५ हे नाव पडले. गाळाच्या थरात ते सापडले तर त्या काळी तिथे वसंतात बर्फ होता. सापडले नाही तर दोन शक्यता उरतात : बर्फ मुळीच नव्हता, किंवा इतका जाड आणि बारमाही होता की खाली उजेडच पोहोचत नव्हता. म्हणून खुल्या पाण्यातल्या शैवालांच्या खुणाही सोबत मोजाव्या लागतात. साक्षीदार खरा आहे, पण उलटतपासणी केल्याशिवाय त्याचा जबाब घेता येत नाही.

माझ्या मते सर्वांत सुंदर साक्ष लाकडांची आहे. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला झाडे नाहीत. तरी तिथल्या किनाऱ्यांवर सैबेरियातली लार्च आणि उत्तर अमेरिकेतली स्प्रूस यांची जुनी खोडे पडलेली आढळतात. नद्यांनी ती समुद्रात आणून सोडलेली. खोड पाण्यात फार काळ तरंगत नाही, भिजून बुडते. आर्क्टिक महासागर ओलांडायला तर काही वर्षे लागतात. म्हणजे ते बर्फात अडकून, बर्फाबरोबरच आलेले असणार. बर्फाच्या या प्रवासाबद्दल शंका राहिली नाही ती नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनमुळे. सैबेरियाच्या उत्तरेला १८८१ मध्ये बर्फाने चिरडलेल्या ‘जीनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले, हे कळल्यावर त्याने ‘फ्राम’ हे जहाज १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात गोठू दिले आणि १८९६ मध्ये ते अटलांटिकच्या बाजूला सुखरूप बाहेर पडले.

आता दुवा जुळवा. खोडे आणायला बर्फ हवा, पण ती किनाऱ्याला लागायला किनारा उन्हाळ्यात मोकळा हवा. डेन्मार्कचे स्वेन फुंडर आणि त्यांच्या गटाने या खोडांची वये काढली, आणि जोडीला लाटांनी रचलेले वाळू-गोट्यांचे जुने बांध तपासले. आज जिथे बारमाही बर्फामुळे लाट फुटतच नाही, तिथे असे बांध उभे होते. २०११ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की सुमारे ८,५०० ते ६,००० वर्षांपूर्वी आर्क्टिकचा उन्हाळी बर्फ बराच कमी असावा. कदाचित २००७ च्या तेव्हाच्या नीचांकाच्याही निम्म्याहून कमी.

हा निष्कर्ष ‘पूर्वीही वितळला होता’ म्हणणाऱ्यांच्या हातात आयता मिळाला. त्यांनी तो जरूर वापरावा. फक्त पुढचे वाक्यही वाचावे.

३. कोणी वितळवला, हा खरा प्रश्न

बर्फ स्वतःच्या मर्जीने वितळत नाही. ‘नैसर्गिक’ हे कारणाचे नाव नाही. कारण माहीत नसल्याची किंवा सांगायचे नसल्याची ती सोय आहे. साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या त्या माघारीचे कारण माहीत आहे, आणि ते गणिताने काढता येते.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तो क्षण वर्षात कधी येतो, हे हजारो वर्षांत सरकत जाते. आज तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी तो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत होता, शिवाय पृथ्वीचा अक्षही थोडा अधिक कललेला होता. त्यामुळे उत्तरेकडच्या उंच अक्षांशांवर उन्हाळ्यात आजच्यापेक्षा ७-८ टक्के जास्त ऊन पडत होते. एवढ्या जादा उन्हाने बर्फ मागे हटला. पुढे ऊन हळूहळू ओसरत गेले, आणि बर्फ परत पसरला. ग्रीनलंडच्या त्या किनाऱ्यावर लाटा फुटायच्या थांबल्या त्या याच काळात.

म्हणजे आज काय व्हायला हवे? कक्षेचे गणित चालूच आहे आणि ते थंडीच्या बाजूने आहे. डॅरेल कॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तळ्यांतला गाळ, हिमगाभे आणि झाडांची वलये यांवरून दाखवले, की आर्क्टिकचे उन्हाळे सुमारे दोन हजार वर्षे संथपणे थंड होत आले होते. विसाव्या शतकात हा उतार अचानक उलटला, कक्षा न उलटता. ख्रिस्तोफ किनार्ड यांच्या गटाने २०११ मध्ये गेल्या १,४५० वर्षांच्या उन्हाळी बर्फाचा आलेख मांडला. त्यातही विसाव्या शतकाअखेरची घसरण वेगळी उठून दिसते.

आणखी एक फरक आहे, आणि मला तो निर्णायक वाटतो. कक्षेमुळे येणारी जास्तीची उष्णता उन्हाळ्यापुरती असते. त्याच कारणाने हिवाळ्यात ऊन उलट कमी पडते. हरितगृह वायूंना ऋतू नाहीत. ते सूर्य नसलेल्या ध्रुवीय रात्रीतही काम करतात. मग खूण कोणाची दिसते? उपग्रहांच्या नोंदीत आर्क्टिकचा बर्फ वर्षाच्या बाराही महिन्यांत घटतो आहे. मार्च २०२५ चा हिवाळी उच्चांक सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर होता, आणि तो तोवरच्या नोंदीतला सर्वांत कमी उच्चांक ठरला. चोराच्या पावलांचे ठसे संशयिताच्या जोड्यांशी जुळतात.

म्हणून ‘पूर्वीही’ या शब्दाचे ओझे उलट बाजूला पडते. थोड्या, हंगामी आणि हजारो वर्षांत हळूहळू बदलणाऱ्या उन्हाला बर्फाने एवढी मोठी दाद दिली असेल, तर औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख कणांमागे २८० च्या आसपास असलेला कार्बन डायऑक्साइड ४२० च्या वर गेल्यावर तो ढिम्म राहील, अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची? भूतकाळात बर्फ अढळ होता असे सिद्ध झाले असते, तर मी निश्चिंत झालो असतो.

४. निसर्गाचा वाटा नाकारू नका

आता दुसऱ्या बाजूचा समाचार. समुद्री बर्फ म्हणजे थर्मामीटरचा पारा नव्हे. वारा त्याला ढकलतो, ग्रीनलंड आणि नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीतून दक्षिणेला हाकलतो, अटलांटिकचे कोमट पाणी त्याला खालून झिजवते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एका जबर चक्रीवादळाने आधीच पातळ झालेल्या बर्फाचा चुरा केला. विक्रमाला त्याचाही हातभार लागला. १९२० ते १९४० च्या दरम्यान आर्क्टिकचा अटलांटिककडचा भाग चांगलाच उबदार झाला होता. सोव्हिएत संघाच्या ‘सिबिर्याकोव्ह’ जहाजाने १९३२ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेचा सागरी मार्ग पहिल्यांदाच एका हंगामात पार केला तो याच काळात. त्या वेळी हरितगृह वायू आजच्या मानाने थोडेच वाढले होते. म्हणजे काही दशके टिकणारी आंतरिक हालचाल ही खरी गोष्ट आहे.

तिचा आकारही मोजला गेला आहे. जेनिफर के यांनी २०११ मध्ये अंदाज मांडला, की १९७९ ते २००५ मधल्या सप्टेंबरच्या घटीपैकी सुमारे निम्मी घट नैसर्गिक हालचालीची असू शकते. चिंगहुआ डिंग यांच्या २०१७ च्या अभ्यासात हा वाटा ३० ते ५० टक्के निघाला. हे आकडे पाहून पर्यावरणवादी मंडळी अस्वस्थ होतात आणि शंकेखोर खूश होतात. दोघांचेही चुकते. आंतरिक हालचाल उसनवारीसारखी असते. एका दशकात बर्फ लवकर घेऊन जाते, दुसऱ्या दशकात थोडा परत करते. हरितगृह वायूंचा रेटा मात्र एकाच दिशेने वाढत जातो.

गेल्या वीस वर्षांत हेच घडते आहे. २००५ च्या सुमारापासून सप्टेंबरच्या घटीचा वेग स्पष्टपणे मंदावला आहे, आणि अशी विश्रांती तापमानवाढ चालू असतानाही येऊ शकते हे हवामानाच्या संगणकीय मॉडेलच्या प्रयोगांत दिसते. पण ज्यांनी २००७ ची घसरण तशीच पुढे ओढून २०१३ ची तारीख सांगितली होती, त्यांचे काय? अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी डिसेंबर २००७ मधल्या नोबेल भाषणात सात वर्षांत उन्हाळी बर्फ नाहीसा होऊ शकेल असे सांगणाऱ्या एका अभ्यासाचा हवाला दिला होता. २०१३ चा नीचांक ५० लाखांच्या वर राहिला. सहा-सात वर्षांच्या उतारावर पट्टी ठेवून रेघ ओढणाऱ्याला निसर्ग असाच धडा शिकवतो, आणि त्या एका चुकीच्या तारखेचे भांडवल दुसरी बाजू आजतागायत करते आहे.

या विश्रांतीत बर्फ ‘परत आला’ का? विस्ताराच्या आकड्यात न दिसणारी जाडी इथे पाहावी लागते. अमेरिकी पाणबुड्यांनी बर्फाखालून केलेल्या मोजणीवरून ड्रू रॉथ्रॉक यांनी १९९९ मध्ये दाखवले, की उन्हाळ्याअखेरीस बर्फाचा पाण्याखालचा भाग १९५८-७६ या काळात सरासरी ३.१ मीटर होता, तो १९९० च्या दशकात १.८ मीटरवर आला. चार वर्षांहून जुना बर्फ १९८५ च्या मार्चमध्ये एकूण आवरणाच्या सुमारे एक-तृतीयांश होता. २०१९ च्या मार्चमध्ये तो एक टक्क्याच्या आसपास उरला. पातळ बर्फाची एक खोड आहे : हिवाळ्यात त्याच्यातून समुद्राची उष्णता चटकन निसटते, त्यामुळे तो झपाट्याने वाढतो, उन्हाळ्यात तितक्याच झपाट्याने जातो. क्षेत्रफळ त्यामुळे काही वर्षे सावरल्यासारखे दिसते, पण आतला साठा गेलेला असतो आणि आकडा वर्षागणिक पूर्वीपेक्षा जास्त हेलकावे खाऊ शकतो.

५. दक्षिणेची अडचण

इथपर्यंत युक्तिवाद सरळ चालला. अंटार्क्टिकाने तो इतका सरळ राहू दिला नाही, आणि त्याबद्दल आपण तिचे आभार मानावेत.

उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे, दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन. तिथला बर्फ बहुतांशी हंगामी. फेब्रुवारीत ३० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, सप्टेंबरमध्ये पावणेदोन-दोन कोटींच्या घरात. त्याला अडवायला किनारा नाही. वारे त्याला बाहेर पसरवतात आणि खालचे कोमट, खारट पाणी वर आले की तो विरतो. १९७४ ते १९७६ या तीन हिवाळ्यांत वेडेल समुद्रातल्या बर्फाच्या मधोमध जवळजवळ महाराष्ट्राएवढे भगदाड पडले होते. ते पुढे बुजले. २०१७ मध्ये त्याच भागात लहान स्वरूपात पुन्हा दिसले.

तापमान वाढत असताना हा दक्षिणी बर्फ १९७९ ते २०१४ या काळात थोडा थोडा वाढत गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने दोन कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. तेव्हा एका बाजूने विजयोत्सव झाला. २०१६ मध्ये तो कोसळला. क्लेअर पार्किन्सन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की २०१४ नंतरच्या तीन वर्षांतल्या घसरणीचा वेग आर्क्टिकच्या घसरणीच्या वेगाला कितीतरी मागे टाकणारा होता. फेब्रुवारी २०२३ चा नीचांक १८ लाखांच्या आत गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा उच्चांक सुमारे १ कोटी ७० लाख होता, म्हणजे आधीच्या, १९८६ च्या विक्रमापेक्षाही सुमारे दहा लाखांनी कमी. तीन महाराष्ट्र मावतील एवढी तूट. आता उत्सव दुसऱ्या बाजूचा होता. ‘पंचाहत्तर लाख वर्षांत एकदा घडणारी घटना’ असा मथळा जगभर फिरला.

तो मथळा कसा तयार झाला ते पाहण्यासारखे आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आकड्यांवरून चढउताराचा नेहमीचा आवाका काढला, तो आवाका कायमचाच आहे असे धरले आणि २०२३ त्याच्या किती बाहेर आहे ते मोजले. पण आवाका खरोखर तेवढाच होता का? निम्बस मालिकेतल्या पहिल्या उपग्रहांची जुनी चित्रे काही वर्षांपूर्वी शोधून काढून तपासली गेली. त्यांवरून सप्टेंबर १९६४ चा विस्तार सुमारे १ कोटी ९७ लाख, तर ऑगस्ट १९६६ चा सुमारे १ कोटी ५९ लाख निघाला, दोन्हींत तीन लाख इकडे-तिकडे. १९६६ चा हा अंदाज बरोबर असेल, तर २०२३ पेक्षा कमी बर्फ अवघ्या सत्तावन्न वर्षांपूर्वी होऊन गेला होता, आणि पंचाहत्तर लाख वर्षांचा हिशेब तिथेच कोलमडतो. ढगांच्या फटींतून जुळवलेली ही चित्रे आजच्या मोजणीइतकी पक्की नाहीत, हेही खरे. रायन फोग्ट आणि सहकाऱ्यांनी हवेच्या दाबाच्या जुन्या नोंदींवरून १९०५ पासूनचा जो आलेख २०२२ मध्ये मांडला, त्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्फ घटताना दिसतो. उपग्रहकाळातली वाढच शतकात वेगळी ठरते.

तेव्हा अंटार्क्टिकाबद्दलचा प्रामाणिक निकाल आज असा आहे : २०१६ नंतर काहीतरी बदलले आहे, समुद्राच्या खालच्या थरातील उष्णता त्यात गुंतलेली असल्याची चिन्हे आहेत, पण मानवी वाट्याबद्दल उत्तरेइतक्या ठामपणे बोलता येत नाही. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने १९७९ ते २०२० या काळात दक्षिणेत लक्षणीय कल नसल्याचे स्पष्ट लिहिले. हे कबूल केल्याने उत्तरेचा पुरावा कमकुवत होत नाही. जिथे कारण ठाऊक आहे तिथे ठाम राहायचे आणि जिथे नाही तिथे थांबायचे, ही एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत.

६. काही आक्षेप

मॉडेल चुकतात, मग विश्वास कशावर? चुकतात, आणि दोन्ही दिशांना चुकले आहेत. २००७ च्या सुमारास आर्क्टिकची प्रत्यक्ष घट बहुतेक मॉडेलपेक्षा वेगवान निघाली. दक्षिणेत त्यांनी घट दाखवली तेव्हा बर्फ वाढत होता. पण वरचा मुख्य युक्तिवाद मॉडेलवर उभा नाही. तो कक्षेच्या गणितावर, गाळावर, लाकडांवर आणि बारा महिन्यांच्या मोजणीवर उभा आहे. मॉडेल पूर्ण बाजूला ठेवूनही डर्क नोट्झ आणि जुलिएन स्ट्रोव्ह यांनी २०१६ मध्ये निव्वळ निरीक्षणांतून एक साधे नाते काढले : हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो. सरासरी भारतीयाचे वर्षाचे उत्सर्जन दोन टनांच्या आसपास धरले तर त्याच्या वाट्याला सहा चौरस मीटर येतात. सरासरी अमेरिकी माणसाचा वाटा याच्या कितीतरी पट आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग उन्हाळ्यात बर्फमुक्त आर्क्टिक कधी? शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘बर्फमुक्त’ म्हणजे दहा लाख चौरस किलोमीटरहून कमी. हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पूर्वी निदान एका सप्टेंबरमध्ये असे होण्याची दाट शक्यता आहे. याहून नेमकी तारीख कोणी देऊ लागला, तर तो नैसर्गिक हालचालीचे भाकीत करत आहे असे समजा आणि पुढे चला.

आपल्याला त्याचे काय? गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. स्वालबार्डमध्ये ‘हिमाद्री’, अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली स्थानके आहेत. वास्कोच्या केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातल्या उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातली सप्टेंबरमधली अतिवृष्टी यांत संभाव्य दुवा मांडला. ‘संभाव्य’ हा शब्द मी जपून वापरतो. पुढच्या वेळी मराठवाड्यात पीक पाण्याखाली गेले, की आर्क्टिककडे बोट दाखवून मोकळे होण्याचा मोह होईल. तो उथळपणाचा देशी अवतार ठरेल.

७. मोजणी थांबली तर

या सगळ्या वादात न दिसणारी एक गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. दशकांच्या हालचाली ओळखायला दशकांची सलग, एकाच मापाची नोंद लागते, आणि ती नोंद नाजूक आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ज्या लष्करी उपग्रहांवर ही मालिका चालते त्यांची माहिती महिनाअखेर बंद करण्याची सूचना काढली. ओरड झाल्यावर मुदत आधी महिनाभराने आणि मग सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवली गेली. दरम्यान बर्फाची दैनंदिन नोंद ठेवणाऱ्यांना जपानी उपकरणाकडे वळावे लागले. जपानने त्याचा पुढचा अवतार २०२५ मध्येच आकाशात पाठवला, म्हणून सध्या निभावते आहे. उपकरण बदलले की जुन्या-नव्याची मापे जुळवायला दोन्ही काही काळ एकत्र चालावी लागतात. मध्ये खंड पडला तर पुढच्या पिढीला १९६६ च्या त्या चित्रांसारखे तुकडे जुळवत बसावे लागेल.

भारताला या कामाची ओळख नाही असे नाही. १९९९ च्या ओशनसॅट-१ उपग्रहावर सूक्ष्मलहरी टिपणारे उपकरण होते आणि आपल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून अंटार्क्टिक बर्फाचे नकाशे केले होते. पुढचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह विषुववृत्ताच्या आसपासच फिरणारा, ध्रुवांच्या उपयोगाचा नव्हता. ओशनसॅट मालिकेतले स्कॅटरोमीटर, फ्रान्सबरोबरचा सरल उपग्रह आणि जुलै २०२५ मध्ये सुटलेला निसार उपग्रह हे सगळे बर्फ पाहू शकतात, पण १९७८ पासूनच्या मालिकेला सरळ जोडता येईल असे माप ते देत नाहीत. ध्रुवांवरून रोज फिरणारा, अशा मापाचा एक भारतीय उपग्रह आणि त्याची सर्वांना खुली असलेली नोंद, ही मागणी चांद्रयानाइतकी दिमाखदार नाही. इस्रोने आणि वास्कोच्या केंद्राने ती तरीही सरकारपुढे ठेवावी, आणि सप्टेंबर २०२६ ची मुदत उलटण्याआधी ठेवावी.